पिया केर्सगोर आणि डान्स्क फोल्केपार्टी : मंत्रिपदाविना घडवलेले धोरण

दूरदेशी (धागाकर्ता)

डेन्मार्कचे राजकारण मराठी वाचकाच्या कानावर आले ते बहुधा २००५ सालच्या, प्रेषित मुहम्मद यांच्या व्यंगचित्रांच्या वादामुळे, आणि तो वाद ओसरल्यावर त्या देशाकडे आपले लक्ष पुन्हा क्वचितच गेले. त्या वेळी कोपनहेगनमधील सरकार ज्या पक्षाच्या पाठिंब्यावर तगून होते, त्या पक्षाची स्थापना करणाऱ्या पिया केर्सगोर यांच्या कारकिर्दीविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. त्यांच्या विचारांशी मी सहमत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मात्र एकही दिवस मंत्रिपदावर नसलेल्या व्यक्तीने एका देशाचे स्थलांतरविषयक कायदे, आणि त्याहून अधिक म्हणजे विरोधकांची भाषा, किती बदलून टाकली हे समजून घेतल्याशिवाय गेल्या पंचवीस वर्षांतील युरोप समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

केर्सगोर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९४७ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. कार्यालयीन कामाचे शिक्षण घेऊन विमा आणि जाहिरात क्षेत्रात त्यांनी नोकरी केली आणि १९७८ ते १९८४ या काळात वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना मदत करणाऱ्या कर्मचारी म्हणून काम केले. डेन्मार्कमध्ये ही सेवा नगरपालिका पुरवतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरची साफसफाई, कपडे, जेवणखाण, औषधपाणी हे सगळे या कर्मचारी पाहतात, आणि त्यामुळे कल्याणकारी राज्याचा लाभ घेणारा माणूस त्यांना अगदी जवळून दिसतो. चरित्रात्मक टिपणांमध्ये हा तपशील एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते त्यांच्या पुढील राजकारणाची गुरुकिल्ली तिथेच आहे.

त्या राजकारणात आल्या त्या मोएन्स ग्लिस्ट्रुप यांच्या प्रगती पक्षातून. ग्लिस्ट्रुप हे करविषयक वकील होते. ३० जानेवारी १९७१ रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन आपण शून्य टक्के प्राप्तिकर भरतो हे दाखवून दिले आणि कर चुकवणाऱ्यांची तुलना नाझी अंमलाच्या काळात रेल्वेमार्गांवर घातपात करणाऱ्या देशभक्तांशी केली. १९७२ साली त्यांनी पक्ष काढला आणि १९७३ च्या डिसेंबरातील निवडणुकीत त्या पक्षाने १५.९ टक्के मते व २८ जागा मिळवून १७९ सदस्यांच्या फोल्केटिंगमध्ये, म्हणजे डॅनिश संसदेत, दुसरे स्थान पटकावले. प्राप्तिकर रद्द करावा, नोकरशाही छाटावी आणि संरक्षण खात्याच्या जागी ‘आम्ही शरण येत आहोत’ असे रशियन भाषेत सांगणारे स्वयंचलित दूरध्वनी यंत्र बसवावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. स्थलांतरितांना, विशेषतः मुस्लिमांना असलेला ग्लिस्ट्रुप यांचा उग्र विरोध पुढे १९८० च्या दशकात ठळक झाला. आरंभी तो पक्ष मुख्यतः करविरोधी होता.

१९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने करचुकवेगिरीबद्दल ग्लिस्ट्रुप यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. जानेवारी १९८४ च्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले, परंतु संसदेने त्यांना सदस्यत्वास अपात्र ठरवले, आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर पर्यायी उमेदवार म्हणून ज्या आल्या त्या पिया केर्सगोर. पक्षाची अवस्था तेव्हा शोचनीय होती. त्या निवडणुकीत ३.६ टक्के मते आणि अवघ्या ६ जागा मिळाल्या होत्या. पुढच्याच वर्षी संसदेतील नेतृत्व केर्सगोर यांच्याकडे आले आणि १९८८ पर्यंत पक्ष १६ जागांवर पोहोचला.

याच काळात पक्षात दोन तट पडले. सरकारशी बोलणी करावी, अर्थसंकल्पाला पाठिंबा देऊन त्या बदल्यात काही पदरात पाडून घ्यावे, असे केर्सगोर यांचे म्हणणे होते. तडजोड म्हणजे द्रोह, अशी ग्लिस्ट्रुप आणि त्यांच्या अनुयायांची धारणा होती. ग्लिस्ट्रुप यांना अखेर त्यांनीच स्थापन केलेल्या पक्षातून काढून टाकण्यात आले, तरी अंतर्गत कलह थांबला नाही. पक्षाचे अधिवेशन म्हणजे उघड भांडणाचा आखाडा झाला होता आणि ही भांडणे वृत्तपत्रांतून रोज छापून येत होती. १९९५ च्या अधिवेशनात केर्सगोर यांचा गट पराभूत झाला, तेव्हा ६ ऑक्टोबर १९९५ रोजी क्रिस्तियान तुलेसन डाल, पौल न्योगोर आणि ओले डोनर या तीन खासदारांसह त्या बाहेर पडल्या आणि डान्स्क फोल्केपार्टीची, म्हणजे डॅनिश जनपक्षाची, स्थापना झाली.

नव्या पक्षात त्यांनी दोन गोष्टी मुळापासून बदलल्या. पहिली गोष्ट म्हणजे शिस्त. निर्णय वरच्या वर्तुळात होत, जाहीर मतभेद खपवून घेतले जात नसत आणि अतिरेकी गटांशी संबंध आढळलेल्या सदस्यांची हकालपट्टी होत असे. दुसरा बदल मला अधिक मूलगामी वाटतो. करविरोध मागे पडला आणि त्याची जागा कल्याणकारी राज्याच्या संरक्षणाने घेतली. वृद्धांना चांगली निवृत्तीची रक्कम मिळाली पाहिजे, रुग्णालये चांगली असली पाहिजेत, त्यासाठी कर भरायला हरकत नाही. मात्र हे सारे ज्यांनी हा देश उभा केला त्यांच्यासाठी आहे, बाहेरून येणाऱ्यांसाठी नाही, असा हा युक्तिवाद होता. ज्यांची घरे त्यांनी सहा वर्षे पाहिली होती, त्या माणसांना उद्देशून केलेले हे राजकारण होते, आणि पिढ्यानपिढ्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला मत देणारा कामगारवर्ग याच वाटेने त्यांच्याकडे वळला.

१९९८ साली ७.४ टक्के मते व १३ जागा, २००१ साली १२ टक्के व २२ जागा, २००५ साली २४ जागा, २००७ साली २५ जागा, असा हा चढता आलेख आहे. यातील २००१ चा टप्पा निर्णायक ठरला, कारण व्हेन्स्त्र या उजवीकडे झुकलेल्या उदारमतवादी पक्षाच्या ५६, कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या १६ आणि केर्सगोर यांच्या २२ मिळून ९४ जागा झाल्या आणि पंतप्रधान अँडर्स फॉग रास्मुसन यांना मध्यममार्गी पक्षांची मनधरणी करण्याची गरजच उरली नाही. पुढची दहा वर्षे केर्सगोर सरकारबाहेर राहिल्या आणि दरवर्षी अर्थसंकल्पाच्या बोलणीत आपल्या पाठिंब्याची किंमत वसूल करत राहिल्या.

२०१२ साली त्यांनी स्वखुशीने पक्षाचे अध्यक्षपद तुलेसन डाल यांच्याकडे सोपवले. २०१५ ते २०१९ या काळात त्या फोल्केटिंगच्या अध्यक्ष होत्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांचे यश मोजायचे कसे, या प्रश्नावर आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

रानवाटा

लेख अभ्यासपूर्ण आहे. मात्र केर्सगोर यांनी सारे बदलले असे म्हणताना जमीन आधीच तयार होती, हे सांगायला हवे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आणि पाकिस्तानातून कामगार डेन्मार्कमध्ये आले. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास नवीन कामगार घेणे थांबले, पण आधी आलेल्यांची कुटुंबे येत राहिली. १९८३ साली संमत झालेला परकीय नागरिकांचा कायदा युरोपातील उदार कायद्यांपैकी एक मानला जाई. त्यानंतर इराण, लेबनॉन, श्रीलंका आणि पुढे बोस्निया येथून निर्वासित आले. नगरपालिकांवर ताण येऊ लागला होता, आणि कोपनहेगनच्या पश्चिमेकडील उपनगरांतले सोशल डेमोक्रॅट महापौर ही तक्रार आपल्याच पक्षाच्या नेतृत्वाकडे करत होते. त्यांचे कोणी ऐकत नव्हते.

१९९७ साली परिस्थिती पालटली. ‘एक्स्त्रा ब्लाडेट’ या वृत्तपत्राने परकीयांविषयी मोठी मोहीम चालवली आणि त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान पौल न्यूरुप रास्मुसन यांनी ऑर्हुस शहराचे महापौर थोरकिल सिमोनसन यांना गृहमंत्रिपदी आणले, ते स्थलांतराच्या प्रश्नावर कडक भूमिका घेण्यासाठीच. म्हणजे केर्सगोर यांचा पक्ष जेमतेम दोन वर्षांचा असताना सत्ताधारी पक्ष त्यांच्या दिशेने सरकू लागला होता. असे असूनही ऑक्टोबर १९९९ मध्ये संसदेच्या उद्घाटनाच्या चर्चेत त्याच न्यूरुप रास्मुसन यांनी, माझ्या दृष्टीने तुम्ही सभ्य घराच्या दिवाणखान्यात बसण्यायोग्य कधीच होणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांना उद्देशून काढले. त्यांची धोरणे थोडी थोडी उचलायची आणि माणसांना मात्र अस्पृश्य ठरवायचे, हा व्यवहार मतदारांच्या लक्षात आला नसता तरच नवल. दोन वर्षांनी सोशल डेमोक्रॅट पक्षाने सर्वांत मोठा पक्ष हे स्थान गमावले. १९२४ नंतर असे प्रथमच घडले.

अक्षरगंध

रानवाटा यांनी सांगितलेला घटनाक्रम योग्य आहे, पण त्यात २००० सालच्या सार्वमताचा उल्लेख राहिला. युरो चलन स्वीकारायचे की नाही यावर २८ सप्टेंबर २००० रोजी डेन्मार्कमध्ये मतदान झाले. सरकार, मोठे पक्ष, उद्योगसंघटना, प्रमुख कामगार संघटनांचे नेतृत्व आणि बहुतेक मोठी वृत्तपत्रे युरोच्या बाजूने होती. डाव्या बाजूचे काही पक्ष आणि केर्सगोर विरोधात होते. ५३.२ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. ज्या व्यक्तीला वर्षभरापूर्वी पंतप्रधानांनी दाराबाहेर उभे केले होते, तिच्या बाजूला निम्म्याहून अधिक देश उभा असल्याचे चित्र त्या रात्री दिसले. २००१ च्या यशाची पायाभरणी मी तिथे पाहतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अवघ्या दहा आठवड्यांनी निवडणूक झाली, त्यामुळे सगळे श्रेय किंवा दोष त्या हल्ल्यांना देण्याची सवय आहे. ती मला पटत नाही.

सांजवेळ

मी गेली अनेक वर्षे कोपनहेगनमध्ये राहते. या चर्चेत आतापर्यंत टक्केवारी आणि जागा आल्या, पण ज्या कायद्यांसाठी हा सारा खटाटोप झाला त्यांचे प्रत्यक्ष स्वरूप आले नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते.

२००२ साली परदेशी जोडीदाराला डेन्मार्कमध्ये आणण्याचे नियम बदलले. पती आणि पत्नी दोघांचेही वय किमान चोवीस वर्षे असले पाहिजे, ही अट आली. तिच्या जोडीला दुसरी अट आली, ती अशी की दोघांचे मिळून डेन्मार्कशी असलेले नाते इतर कोणत्याही देशाशी असलेल्या नात्यापेक्षा अधिक घट्ट असले पाहिजे. शिवाय पुरेसे मोठे घर हवे, बँकेची हमी हवी आणि सरकारी मदतीवर अवलंबून नसल्याचा पुरावा हवा. जबरदस्तीचे विवाह रोखणे हा अधिकृत उद्देश सांगितला गेला, आणि तसे विवाह होत होते हे मी नाकारत नाही. मात्र नियम सर्वांना लागू होता. इथेच जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पसंतीने परदेशी तरुणाशी लग्न केले, तरी तिला त्याच्यासोबत आपल्याच देशात राहता येत नव्हते.

यातून एक विलक्षण गोष्ट घडली. जुलै २००० मध्ये ओरेसुंड सामुद्रधुनीवरचा पूल सुरू झाला होता. अनेक जोडपी त्या पुलापलीकडे स्वीडनमधील मालमो येथे राहायला गेली, कारण युरोपीय संघातील नागरिक म्हणून डॅनिश माणसाला स्वीडनमध्ये जोडीदार आणण्याचा हक्क होता, जो स्वतःच्या देशात नव्हता. सकाळी आगगाडीने कोपनहेगनला कामावर यायचे आणि रात्री मालमोला घरी परतायचे, असे हजारोंचे आयुष्य झाले. स्वीडनच्या नेत्यांनी टीका केली तेव्हा केर्सगोर यांचे उत्तर असे होते की, स्वीडिश लोकांना आपल्या शहरांचे बैरुत करायचे असेल तर त्यांनी खुशाल करावे, आपण पुलावर अडसर टाकू शकतो.

या नियमांचा फटका परदेशांत राहणाऱ्या मूळ डॅनिश लोकांनाही बसला. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात लग्न करून परतू पाहणाऱ्यांना जोडीदारासह येता येईना. त्यांच्या तक्रारींवर उपाय म्हणून, ज्यांच्याकडे अठ्ठावीस वर्षे डॅनिश नागरिकत्व आहे त्यांना नात्याची अट लागू होणार नाही, अशी सवलत काढण्यात आली. जन्माने डॅनिश असलेल्या माणसाला ती अठ्ठाविसाव्या वर्षी मिळणार आणि तिसाव्या वर्षी नागरिक झालेल्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी, हे उघडच होते. ‘बियाओ विरुद्ध डेन्मार्क’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २४ मे २०१६ रोजी ही सवलत भेदभावाची असल्याचा निर्णय दिला. तो खटला चालवणारा टोगोमध्ये जन्मलेला डॅनिश नागरिकही पत्नीसह मालमोलाच राहायला गेला होता.

आपल्याकडून इथे नोकरीच्या परवान्यावर येणाऱ्या अभियंत्यांना या नियमांची झळ लागत नाही, कारण त्यांच्या जोडीदाराला सोबत येणाऱ्या कुटुंबीयाचा परवाना वेगळ्या तरतुदीखाली मिळतो. झळ लागते ती पुढच्या पिढीला, म्हणजे जी मुले इथली नागरिक होतात आणि लग्नासाठी भारतातील जोडीदार निवडतात त्यांना. आपल्या मंडळींना हे उशिरा कळते, म्हणून मुद्दाम लिहिले.

तटस्थ

सांजवेळ यांचे विवेचन मोलाचे आहे, तरीही दुसरी बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते. केर्सगोर यांनी एकही गोष्ट संसदेला वळसा घालून केली नाही. प्रत्येक कायदा बहुमताने संमत झाला आणि त्यांच्या पक्षाला मिळालेली मते सलग पाच निवडणुकांत लोकांनी राजीखुशीने दिलेली होती. ज्या काळात त्यांना जाहीर सभा घेणे अवघड झाले होते, १९९८ साली कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात जमावाच्या हल्ल्यामुळे त्यांना एका बँकेत आश्रय घ्यावा लागला होता, त्या काळातही त्यांनी मतपेटीवरचा विश्वास सोडला नाही. शेजारच्या स्वीडनमध्ये या प्रश्नाची चर्चा करणेच असभ्य मानले गेले आणि परिणामी तिथे स्वीडन डेमोक्रॅट्स हा नवनाझी पार्श्वभूमीच्या लोकांनी सुरू केलेला पक्ष २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. डेन्मार्कने हा असंतोष संसदेत सामावून घेतला. याचे काही श्रेय केर्सगोर यांच्या शिस्तीला द्यावे लागेल.

दुसरे असे की, वृद्धांसाठी त्यांनी खरोखरच काम केले. केवळ सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या गरीब वृद्धांना वर्षातून एकदा मिळणारी जादा रक्कम ही त्यांच्याच पक्षाने अर्थसंकल्पाच्या बोलणीत मिळवलेली तरतूद होती. ती आजही दिली जाते.

सांजवेळ

तटस्थ, आपण म्हणता ते कायद्याच्या दृष्टीने खरे आहे आणि त्यांच्यावर झालेल्या हल्ल्याचे समर्थन कोणीही करू नये. वृद्धांविषयीची त्यांची कळकळही खोटी नव्हती. माझा आक्षेप वेगळा आहे. बहुमताने संमत झालेला नियम ज्यांच्यावर लादला जातो ते मतदार म्हणून अत्यल्प असतील, तर त्या बहुमताला अधिक जबाबदारीने वागावे लागते. त्यांच्या पक्षातून २००१ साली निवडून आलेले सोरेन क्रारुप आणि येस्पर लांगबल्ले हे दोघे धर्मोपदेशक संसदेत इस्लामविषयी जी भाषा वापरत, ती ऐकून शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांना काय वाटत असेल, याचा विचार शिस्तप्रिय पक्षनेतृत्वाने केला नाही. शिस्त होती, पण ती पक्षाला सोयीच्या ठिकाणीच लावली गेली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने केर्सगोर यांच्या मतांना वंशवादी म्हणणाऱ्या एका राजकीय विरोधकाला बदनामीच्या खटल्यातून दोषमुक्त केले, हेही या संदर्भात नमूद करायला हवे.

दूरदेशी

सर्वांचे आभार. तटस्थ यांनी स्वीडनशी केलेली तुलना नेहमी केली जाते, पण ती मला अपुरी वाटते. डेन्मार्कमध्ये असंतोष संसदेत आला हे खरे. मात्र संसदेत आल्यावर तो शमला नाही, तर दर काही वर्षांनी नवी मागणी घेऊन पुढे सरकत राहिला. २०११ च्या मे महिन्यात मुदतपूर्व निवृत्तीच्या योजनेत कपात करण्यासाठी सरकारला केर्सगोर यांची मते हवी होती, तेव्हा त्या बदल्यात जर्मनी आणि स्वीडनच्या सीमेवर कायमस्वरूपी जकात तपासणीची मागणी पुढे आली आणि मान्यही झाली. जर्मनीने संताप व्यक्त केला. त्या शरद ऋतूत सोशल डेमोक्रॅट हेले थॉर्निंग-श्मिट यांचे सरकार आले आणि ती योजना गुंडाळली गेली. पण हा व्यवहार पाहताना मला एक गोष्ट खटकली. मुदतपूर्व निवृत्तीची योजना ही प्रामुख्याने अंगमेहनत करून थकलेल्या कामगारांची होती, म्हणजे केर्सगोर यांच्या स्वतःच्या मतदारांची. कल्याणकारी राज्य आणि सीमा या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी सीमा निवडली. त्या वर्षीच्या निवडणुकीत पक्षाच्या जागा स्थापनेपासून प्रथमच घटल्या.

रानवाटा

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि पुढील घसरणीची बीजेही त्यात दिसतात. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मॉर्टन मेसरश्मिट यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने २६.६ टक्के मते मिळवून पहिला क्रमांक पटकावला. २०१५ च्या राष्ट्रीय निवडणुकीत २१.१ टक्के मते आणि ३७ जागा मिळाल्या, म्हणजे व्हेन्स्त्रच्या ३४ पेक्षाही तीन अधिक. उजव्या गटातील सर्वांत मोठा पक्ष असूनही तुलेसन डाल यांनी सरकारमध्ये जाण्यास नकार दिला. केर्सगोर यांनी घालून दिलेली बाहेर राहून दबाव टाकण्याची पद्धत १२ टक्क्यांच्या पक्षासाठी उत्तम होती. २१ टक्क्यांच्या पक्षाने तीच पद्धत चालू ठेवली, तेव्हा मतदारांना वाटले की ही मंडळी जबाबदारी टाळत आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीरियन निर्वासित डॅनिश महामार्गांवरून स्वीडनच्या दिशेने चालत जाताना दिसले. जानेवारी २०१६ मध्ये आश्रय मागणाऱ्यांकडील दहा हजार क्रोनरपेक्षा अधिक किमतीची मौल्यवान चीजवस्तू जप्त करण्याचा कायदा संमत झाला, तो सोशल डेमोक्रॅट पक्षाच्याही पाठिंब्याने. मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी पक्षाची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी स्थलांतराविषयी कडक आणि कल्याणकारी योजनांविषयी डावी, अशी भूमिका उघडपणे स्वीकारली. १९९५ साली केर्सगोर यांनी जुळवलेले समीकरण वीस वर्षांनी ज्या पक्षाचे मतदार त्यांनी नेले होते त्याच पक्षाने आपलेसे केले. २०१९ मध्ये डान्स्क फोल्केपार्टी ३७ वरून १६ जागांवर आली आणि फ्रेडरिक्सन पंतप्रधान झाल्या.

अक्षरगंध

केर्सगोर यांच्या संसदेच्या अध्यक्षपदाच्या काळाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. १८ जुलै २०१८ रोजी आइसलँडच्या सार्वभौमत्वाच्या कराराची शताब्दी साजरी करण्यासाठी थिंगवेलिर येथे तिथल्या संसदेची विशेष बैठक भरली आणि डॅनिश संसदेच्या अध्यक्ष म्हणून केर्सगोर यांना भाषणाचे निमंत्रण होते. आइसलँडच्या पायरेट पक्षाने बैठकीवर बहिष्कार घातला आणि आणखी एक महिला खासदार भाषणाच्या वेळी उठून गेल्या. केर्सगोर यांनी हे वर्तन पाहुण्याचा अवमान करणारे असल्याचे म्हटले. मायदेशात त्यांच्याविषयीचा हा दुरावा तोपर्यंत जवळजवळ संपला होता; त्या व्यवस्थेच्या सर्वोच्च आसनावर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी बदललेल्या देशाचे मोजमाप शेजारच्या देशातील त्या प्रसंगातून नेमके होते, असे मला वाटते. मार्च २०१९ मध्ये सभागृहात तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या एका खासदार आईला बाळ बाहेर पाठवायला सांगितल्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. सभागृहाच्या शिस्तीबाबत त्या कोणालाही सवलत देत नसत.

तटस्थ

एक प्रश्न विचारावासा वाटतो. २०२२ मध्ये पक्ष २.६ टक्के मते आणि ५ जागा इथपर्यंत खाली आला. संसदेत प्रवेशासाठी दोन टक्के मते लागतात, म्हणजे थोडक्यात बचावला. केर्सगोर स्वतः त्या पाचांपैकी एक होत्या. सोशल डेमोक्रॅट पक्षाने त्यांची धोरणे घेतल्यामुळे मतदार परत गेले, असे रानवाटा म्हणतात. मग त्यांचे राजकारण यशस्वी झाल्यामुळे त्यांचा पक्ष अनावश्यक ठरला, असे समजायचे का?

दूरदेशी

हे स्पष्टीकरण आकर्षक आहे आणि मीही पूर्वी काही अंशी ते मानत असे, पण २०२२ चे आकडे नीट पाहिले तर ते फार काळ टिकत नाही. मधल्या काळात काय घडले ते आधी पाहू. युरोपीय निधीच्या वापराबाबत मेसरश्मिट यांच्यावर खटला झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना शिक्षा झाली, न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न आल्याने तो निकाल रद्द झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते निर्दोष सुटले. दरम्यान जानेवारी २०२२ मध्ये ते पक्षाचे अध्यक्ष झाले आणि त्यांना विरोध असलेले खासदार एकामागून एक बाहेर पडले. स्वतः तुलेसन डाल, ज्यांनी १९९५ साली केर्सगोर यांच्यासोबत पक्ष उभा केला होता, तेही पक्ष सोडून गेले. ज्या जाहीर कलहाला कंटाळून केर्सगोर यांनी जुना पक्ष सोडला, नेमका तोच कलह त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पक्षात शिरला.

बाहेर पडलेल्यांना जायला जागाही होती. व्हेन्स्त्रच्या माजी मंत्री इंगर स्टॉयबर्ग यांना आश्रयार्थी जोडप्यांना बेकायदा वेगळे ठेवल्याबद्दल विशेष महाभियोग न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये साठ दिवसांची शिक्षा दिली होती. २०२२ मध्ये त्यांनी डॅनमार्क डेमोक्रॅट्स हा पक्ष काढला आणि डान्स्क फोल्केपार्टीचे अनेक अनुभवी नेते तिकडे गेले. पर्निले व्हेरमुंड यांचा न्यू बोर्गरलिए हा स्थलांतरविरोधी पक्ष आधीपासून होताच. २०२२ च्या निवडणुकीत स्टॉयबर्ग यांच्या पक्षाला ८.१ टक्के मते व १४ जागा, व्हेरमुंड यांच्या पक्षाला ३.७ टक्के मते व ६ जागा आणि डान्स्क फोल्केपार्टीला ५ जागा मिळाल्या.

आता या तिन्ही पक्षांची बेरीज करा. १४.४ टक्के मते आणि २५ जागा होतात. २००७ साली, पिया केर्सगोर यांचा स्वतःचा सर्वांत यशस्वी निकाल लागला तेव्हा, त्यांच्या एकट्या पक्षाला १३.९ टक्के मते आणि २५ जागा मिळाल्या होत्या. २०१५ ला आलेली भरती ओसरली आणि त्यातील काही पाणी फ्रेडरिक्सन यांच्याकडे गेले, हे रानवाटा यांचे म्हणणे बरोबर आहे. मूळ मतदार मात्र कुठेही गेलेला नाही. त्याला एका छत्राखाली ठेवणारी व्यक्ती राहिली नाही, एवढेच.

सांजवेळ

बेरीज पाहिली आणि ती पटली. त्याला फक्त एक जोड देते. नात्याची अट २०१८ साली रद्द होऊन तिच्या जागी भाषा, शिक्षण आणि नोकरी यांवर आधारित वेगळ्या अटी आल्या. चोवीस वर्षांची अट मात्र डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी कायम ठेवली, आणि ती हटवण्याचे आश्वासन देऊन आज कोणताही मोठा पक्ष निवडणुकीला उभा राहत नाही.